‘पाणी येईना अन् पुतळा कामून?’ : शहरातल्या भव्य पुतळ्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे भव्य पुतळ्याची घोषणा झाली की आठवडाभर दोनच आवाज ऐकू येतात. एक फटाक्यांचा, आणि दुसरा तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्यांचा. हे पान पुटपुटणाऱ्यांसाठी आहे. मी ३० वर्षं बांधकामावर सुपरवायझर म्हणून काढली. पुतळा एकही बांधला नाही. पाण्याच्या टाक्या, शाळा आणि दोन पूल बांधले. खालचे प्रश्न मला गल्लीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दशक्रियेच्या घाटावर विचारले गेले आहेत. सारखं तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

हे नेमकं कोणत्या पुतळ्याबद्दल आहे?

नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव लिहिलं की दुसऱ्या मिनिटाला बोलणं पुतळ्यावरून माणसावर जातं, आणि त्या माणसाच्या थोरवीबद्दल तर कुणालाच शंका नसते. शंका असते ती लोखंड, ब्राँझ, जागा, पैसा आणि दिलेल्या शब्दाबद्दल. मराठवाड्यातल्या कुठल्याही शहरात, कुणाचाही ‘सर्वात उंच’ पुतळा जाहीर झाला तरी हेच प्रश्न लागू पडतात. उदाहरणं जास्त करून छत्रपती संभाजीनगरची आहेत, कारण मी इथं राहतो.

म्हणजे तुमचा पुतळ्यालाच विरोध आहे?

नाही, आणि मराठवाड्यात राहून तसं म्हणणं मला जमणारही नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात जुलै १९७८ मध्ये झाला आणि नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत या भागात घरं जळाली, माणसं गेली. नाव, पाटी, पुतळा या गोष्टी इथं नुसत्या शोभेच्या कधीच नव्हत्या. ज्यांना पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर ठेवलं, त्यांच्या वस्तीतला वर्गणी काढून उभारलेला पाच फुटांचा पुतळा म्हणजे ‘आम्ही इथं आहोत’ हे सांगणं असतं. त्या पुतळ्याला शहाणपण शिकवायला मी जाणार नाही.

पण तो पुतळा आणि टेंडर काढून उभारायचा शंभर-दोनशे फुटांचा पुतळा यांत फरक आहे. पहिला लोकांनी मागितलेला असतो. दुसऱ्याची बातमी लोकांना पेपरातून कळते.

पाणी येईना अन् पुतळा कामून?

हा प्रश्न शब्दशः असाच विचारला तो आमच्या शेजारच्या मावशींनी, ड्रम भरता भरता. याला सरकारी उत्तर आहे आणि ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे: हेड वेगळं असतं. पर्यटनाचा निधी पाइपलाइनला वळवता येत नाही, स्मारकाचा पैसा गटारीला लागत नाही. त्यामुळे ‘पुतळ्याच्या पैशात पाणी आलं असतं’ असं कुणी म्हटलं की समोरचा हिशेबतज्ज्ञ हसतो, आणि त्या मुद्द्यावर आपण हरतो.

हरू नका. पैशाची हेडं शंभर असतील, लक्षाचं हेड एकच असतं. मंत्र्यांची बैठक, आयुक्तांचा वेळ, कार्यकारी अभियंत्याची सही, सगळं त्याच एका खात्यातून खर्च होतं. पैठणचा नाथसागर शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे, त्याची साठवण क्षमता १०२ टीएमसी आहे, आणि तरी या शहरानं आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी पाहिलं आहे. समांतर जलवाहिनीची योजना आली, खासगी कंपनीकडे गेली, २०१६ मध्ये करारच रद्द झाला. मग डिसेंबर २०२० मध्ये नव्या योजनेचं भूमिपूजन झालं, तेव्हा आकडा होता १,६८० कोटी. तो पुढे २,७४० कोटींवर गेला. एवढ्या वर्षांत शहरातल्या पोरांची लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत जायला लागली, पण घरातला ड्रम काही हलला नाही.

लातूरकरांना तर हे सांगायलाच नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर पाणी होतं, पुढे गाडी ५० वाघिणींची झाली. ज्यानं रेल्वेचं पाणी प्यायलंय, त्यानं चौकातल्या भूमिपूजनाच्या मांडवाकडे जरा डोळे बारीक करून पाहिलं तर त्याला नतद्रष्ट म्हणू नये.

आणि एक, जाता जाता. हे शहर ज्यानं १६१० च्या सुमारास खडकी म्हणून वसवलं, त्या मलिक अंबरचं नाव आजही इथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी येतं ते नहर-ए-अंबरीमुळे. जमिनीखालून खापराच्या नळांनी शहरात पाणी खेळवणारा माणूस. चारशे वर्षं झाली.

पैसा येतो तरी कुठून?

सहसा पाच वाटा असतात: राज्य सरकारचा विशेष निधी, जिल्हा नियोजन समिती, पर्यटन विभाग, महापालिकेचा स्वनिधी आणि ‘लोकसहभाग’. शेवटचा शब्द ऐकला की कान टवकारा. त्याचा अर्थ कधी खरोखर वर्गणी असतो, कधी कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. गुजरातमधल्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी पाच सरकारी तेल कंपन्यांनी या निधीतून १४६.८३ कोटी रुपये दिले होते. त्यावर २०१८ च्या अहवालात कॅगनं हरकत घेतली, की असा खर्च सामाजिक दायित्वात बसत नाही. म्हणजे पैसा सरकारच्या तिजोरीतून गेला नाही म्हणून तो कुणाचाच नव्हता, असं नसतं.

उंची कोण ठरवतं?

खरं सांगू? शेजारचं राज्य.

उंचीचा आकडा शिल्पातून येत नाही, तो स्पर्धेतून येतो. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २४ डिसेंबर २०१६ ला झालं. चबुतऱ्यासकट उंची १९२ मीटर सांगितली होती, ती २१२ मीटरपर्यंत वाढली. मधल्या काळात बातमी आली की मूळ आराखड्यात पुतळा ८३.२ मीटर आणि तलवार ३८ मीटर होती, ती नंतर पुतळा ७५.७ आणि तलवार ४५.५ अशी झाली. दोन्ही बेरजा करून पाहा, १२१.२ च येतात. महाराज लहान झाले, तलवार लांब झाली, एकूण आकडा जिथल्या तिथं. ज्यांच्या नावानं हे सगळं चाललं होतं, त्यांच्या मूर्तीचीच उंची कापली गेली. आणि समुद्रात आजवर पुतळा उभा नाहीच. मुंबईतच इंदू मिलच्या जागेवरच्या डॉ. आंबेडकर स्मारकाचं भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मधलं. तिथल्या पुतळ्याची उंची पुढे २५० फुटांवरून ३५० केली, खर्च हजार कोटींच्या वर गेला, आणि तारखा एकामागून एक सरकत राहिल्या.

आकडा वाचताना चबुतरा वेगळा काढायची सवय लावा. आपल्या क्रांती चौकातला शिवाजी महाराजांचा नवा पुतळा फेब्रुवारी २०२२ मध्ये बसला. ५२ फूट म्हणतात ते चबुतऱ्यासकट, पुतळा २१ फुटांचा. यात लपवाछपवी काही नाही. चौकात उड्डाणपूल झाल्यावर जुना पुतळा खाली गेल्यासारखा वाटायचा, म्हणून उंची वाढवली. कारण डोळ्यांना दिसणारं होतं, त्यामुळे फारसं कुणी कुरकुरलं नाही. विजयवाड्यात डॉ. आंबेडकरांच्या १२५ फुटांच्या पुतळ्याखाली ८१ फुटांचा चबुतरा आहे. तेव्हा ‘दोनशे फुटी’ ऐकलं की आधी विचारायचं, पाय कुठून सुरू होतात?

परवानग्या कोणत्या लागतात? की नुसतं भूमिपूजन केलं की झालं?

भूमिपूजनाला परवानगी लागत नाही, म्हणूनच ते आधी होतं.

बाकीला लागतात. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१३ मध्ये आदेश दिला की सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळा उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये. म्हणून हल्ली पुतळा चौकाच्या मधोमध नेण्याऐवजी एखाद्या उद्यानात किंवा सरकारी भूखंडावर सरकवला जातो. राज्य सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २ मे २०१७ च्या शासन निर्णयात आहेत: स्थानिक संस्थेचा ठराव, जागेची मालकी, पोलिसांचं कायदा-सुव्यवस्थेचं मत, कला संचालनालयाची मातीच्या नमुन्याला मान्यता, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर छाननी. देखभाल आणि पावित्र्य राखायची जबाबदारी उभारणाऱ्यानं लेखी घ्यायची असते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, खाली कामाला येईल.

यात दोन फटी आहेत. पहिली मालवणला दिसली. तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा पडल्यावर कला संचालकांनी सांगितलं की त्यांच्याकडे मान्यतेसाठी आला होता तो ६ फुटांचा मातीचा नमुना. तो ३५ फुटांचा होणार आहे हे त्यांना कळवलंच नव्हतं. चेहरा, पेहराव, प्रमाण हे कलेचं खातं तपासतं. तो चेहरा ३५ फुटांवर वाऱ्यात टिकेल का, हे बघणं त्यांचं कामच नाही. ते काम ज्याचं, तो कागदावर कुठं आहे ते शोधा.

दुसरी फट ‘ठराव’ या शब्दात आहे. आपल्या महापालिकेत एप्रिल २०२० पासून कित्येक वर्षं निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, प्रशासक होते. अशा काळात सर्वसाधारण सभेचा ठराव म्हणजे एकाच खुर्चीनं स्वतःशी केलेली चर्चा. सभागृहात निदान भांडण होतं, आणि भांडणात पाच गोष्टी बाहेर पडतात.

इथं कुठं समुद्र आहे? मालवणसारखं आपल्याकडे कसं होईल?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझ्या धंद्याचा, त्यामुळे जरा सविस्तर.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरच्या त्या पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला झालं, आणि तो कोसळला २६ ऑगस्ट २०२४ ला. पुरते नऊ महिनेही नाहीत. पहिल्या दिवशी कारण सांगितलं गेलं की ताशी ४५ किलोमीटर वेगाचा वारा होता. पंचेचाळीस! आपल्याकडे वळवाच्या पावसाआधी सुटतं ते वावधान याहून वाईट असतं, त्यात गच्चीवरचे पत्रे वाजतात पण शेड जागेवर राहते. भारतीय मानकात आपल्या शहरासाठी बांधकाम करताना धरायचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. गच्चीवरची टाकी बांधायची तरी तो धरावा लागतो. पुढे चौकशीत जे आलं ते साधं होतं: आराखडा चुकला, आतला सांगाडा कमजोर, गंज.

गंज म्हटलं की आपण निश्चिंत होतो, कारण खारी हवा नाही. पण मोठा पुतळा म्हणजे आतून पोकळ खोली असते. बाहेर ब्राँझची कातडी, आत पोलादाचा सांगाडा. पावसाळ्यात सांध्यांतून पाणी आत जातं, हिवाळ्यात आतल्या बाजूला दव धरतं. ओल असताना ब्राँझ आणि लोखंड एकमेकांना चिकटून असले की गंज ठरलेला, आणि तो खातो लोखंडालाच. मधे रबराची किंवा तत्सम गादी घालून दोन धातू वेगळे ठेवावे लागतात. पाण्याच्या टाकीवर आम्ही एक गोष्ट पहिल्यांदा बघायचो: आत उतरायला शिडी आणि झाकण आहे का? पुतळ्याबद्दलही हाच प्रश्न विचारा. पोटात शिरायला दार आहे का, आणि दर वर्षी त्या दारातून आत कोण जाणार आहे? दार नसेल तर गंज पहिल्यांदा दिसेल तो पुतळा वाकल्यावरच.

मग ऊन. आपल्या उन्हात तापलेला धातू आणि पहाटेचा गार धातू यांत ४० अंशांचा फरक सहज पडतो. १०० फूट ब्राँझ तेवढ्या फरकानं साधारण २२ मिलिमीटर वाढतं, आतलं पोलाद १४-१५ मिलिमीटर. कातडी आणि हाडं रोज वेगवेगळी हलणार असतील तर जोड तसे सोडावे लागतात. घाईत वेल्डिंग मारून घट्ट केलेला जोड आधी तडकतो.

उंचीचं गणित तर लोकांना ठाऊकच नसतं. पुतळ्याची उंची दुप्पट केली की वाऱ्याला भिडणारं अंग चौपट होतं, आणि पायाशी त्याला उलथवू पाहणारा जोर आठपट. जमिनीपासून वर जावं तसा वाराही वाढतो, तो हिशेब वेगळाच. म्हणून ‘मूळ ५० फूट होता, लोकाग्रहास्तव १०० केला’ हे वाक्य भाषणात चालतं, आराखड्यात नाही. उंची बदलली की पायापासून सगळं नव्यानं काढावं लागतं. आणि पाया म्हटला की आपली काळी माती आलीच. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. खाली पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत जायचं. माती-तपासणीचा अहवाल हा दोन-चार पानांचा कागद असतो, तो मागा.

विजेचंही विसरू नका. मराठवाड्यात अवकाळीत वीज पडून माणसं, जनावरं जातात. उघड्या माळावरचा सर्वात उंच धातू म्हणजे तिला आमंत्रणच. तडितरक्षक आणि त्याचं अर्थिंग दर वर्षी तपासावं लागतं. आणि लातूर, धाराशिवकडच्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट कुणी समजावून सांगायची गरज नाही. किल्लारीनंतर तो पट्टा भूकंपाच्या नकाशात वरच्या गटात गेला, तिथलं गणित संभाजीनगरच्या आराखड्यावरून उचलून चालत नाही.

ब्राँझ महाग पडतं, फायबरचा केला तर?

होतो. लवकर होतो, स्वस्तात होतो, अनावरणाच्या फोटोत फरकही कळत नाही. उन्हात मात्र रंग उडतो, थर सुटतात. कमी पैशात मोठं दाखवायची हौस या शहराला नवी नाही. बीबी का मकबऱ्याकडे नीट बघा: घुमट आणि खालची पट्टी संगमरवरी, मधला बराचसा भाग चुन्याच्या गिलाव्याचा. तो गिलावाच काळा पडतो आणि त्याचीच डागडुजी सतत चालू असते. दिसायला सुंदर आहे, नाही कोण म्हणतं. पण साडेतीनशे वर्षांनंतरही आपण त्या काटकसरीचे हप्ते फेडतोय.

पर्यटन वाढेल, पोरांना रोजगार मिळेल, ते नको का?

केवडियाला, सरदार पटेलांचा पुतळा बघायला, लाखोंनी लोक जातात, हे खरं आहे. तिथल्या आदिवासींनी जमिनीसाठी आंदोलनं केली, हेही खरं. पण तिथं पुतळ्याआधी पाहण्यासारखं होतं ते फक्त धरण. आपल्याकडे तसं नाही. आपल्या जिल्ह्यात वेरूळ आहे, अजिंठा आहे, दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसा. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलेलं एकसंध देऊळ आहे. परदेशातून माणूस ते बघायला येतो आणि संध्याकाळी बसस्टँडवर स्वच्छतागृह शोधत फिरतो.

अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापूरला जपानी कर्जातून मोठं अभ्यागत केंद्र बांधलं होतं. आत १, २, १६, १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. मूळ चित्रांवरचा गर्दीचा ताण कमी व्हावा हा हेतू चांगला, काम चांगलं. २०१३ मध्ये उघडलं, आणि काही वर्षांत वीज-पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडलं. इमारत शाबूत, प्रतिकृती आत, दाराला कुलूप. मला कुणी ‘पुतळ्यानं पर्यटन वाढेल’ म्हटलं की मी वाद घालत नाही. फर्दापूरला चक्कर मारून या म्हणतो.

उद्घाटनानंतर काय?

माझ्या मते हाच एक प्रश्न विचारला तरी पुरे.

सरदार पटेलांच्या पुतळ्याचं कंत्राट २,९८९ कोटींचं होतं, हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याची फोड कुणी बघत नाही. मुख्य पुतळ्याला १,३४७ कोटी, आणि पुढच्या १५ वर्षांच्या देखभालीला ६५७ कोटी. म्हणजे पुतळा उभारायला जेवढे लागले, त्याच्या जवळजवळ निम्मे तो सांभाळायला. वर्षाला साधारण ४४ कोटी, दिवसाला १२ लाख. तुम्हाला तो पुतळा आवडो न आवडो, हिशेब मांडणाऱ्यानं ती ओळ अंदाजपत्रकात लिहिली होती. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या बातम्यांत ही ओळ मी अजून शोधतो आहे.

देखभाल म्हणजे काय काय? चोवीस तास पहारा, आणि तो गमतीचा भाग नाही. विटंबनेच्या एका घटनेनं शहर पेटतं, हे परभणीनं डिसेंबर २०२४ मध्ये पाहिलं. दिवे, कॅमेरे, त्यांचं वीजबिल. कबुतरांची विष्ठा, जी धातू खाते. वर्षातून दोनदा धुणं, आणि शंभर फुटांवर धुवायला परात-बादली चालत नाही, क्रेन लागते. जयंतीच्या दिवशी हार घालायला पुन्हा क्रेन. आतल्या सांगाड्याची तपासणी. उद्यान असेल तर माळी. आणि माळ्याला पाणी, जे आठ दिवसांनी येतं.

पैठणचं संत ज्ञानेश्वर उद्यान आठवा. म्हैसूरच्या वृंदावनच्या धर्तीवर केलेलं, आमच्या लहानपणी शाळेची सहल हमखास तिथं. रंगीत कारंजी, संगीत. पुढे वर्षानुवर्षं ते असं सुकत गेलं की सहली दारातून परत फिरू लागल्या. दर काही वर्षांनी त्याच्या नूतनीकरणाचा निधी जाहीर होतो. नूतनीकरण हा शब्दच मुळात देखभाल न केल्याची पावती असते.

आमच्या वॉर्डातलं कारंजं तर विचारूच नका. तीन वेळा उद्घाटन झालं. दुसऱ्या खेपेला सलग अकरा दिवस चाललं, मी मोजले. मग मोटार गेली. जळाली की चोरीला गेली यावर गल्लीत अजून दोन पक्ष आहेत.

ज्यांनी सरदार पटेलांचा पुतळा घडवला, ते धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. १९५० च्या दशकात ते आपल्याच शहरात पुरातत्त्व खात्यात नोकरीला होते आणि अजिंठा-वेरूळच्या भग्न मूर्तींच्या दुरुस्तीचं काम करत होते. देशातला सर्वात उंच पुतळा घडवणाऱ्या हाताची सुरुवात जुनं सांभाळण्यात झाली. त्या कामाचं अनावरण कधी झालं नाही.

झाडं, पार्किंग, वाहतूक?

आराखड्यात सगळं हिरवं असतं. शहरातल्या प्रियदर्शिनी उद्यानात स्मारकासाठी झाडं तोडण्यावरून वाद उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेला होता, तेव्हा जागा ‘मोकळी’ आहे असं कुणी म्हणालं की स्वतः जाऊन झाडं मोजून या. पार्किंगचं तर शहरभर जे आहे तेच तिथं होईल.

विरोध केला की राजकारणाचा शिक्का बसतो. मग गप्पच बसावं का?

शिक्का बसतो, हे खरं. २०२२ मध्ये सिडकोतल्या महाराणा प्रतापांच्या पुतळ्याच्या वेळी तेव्हाच्या खासदारांनी पत्र लिहिलं की त्याऐवजी त्यांच्या नावानं सैनिकी शाळा काढा. पत्र कुणाचं, त्यांचा पक्ष कोणता, धर्म कोणता, यावरच सगळं बोलणं झालं. शाळा हवी की नको हा साधा प्रश्न बाजूलाच राहिला. पुतळा २०२५ मध्ये उभा राहिला.

यावर माझा एक गावठी उपाय आहे. ‘हवा की नको’ या वादात पडायचंच नाही. ‘कसा’ विचारायचं. पाया किती खोल? आराखड्यावर सही कुणाची? १५ वर्षांच्या देखभालीची तरतूद कुठल्या पानावर? असं विचारणाऱ्याला देशद्रोही म्हणायला जरा अवघड जातं. आणि खरा भक्त असेल त्याला तर हे आपल्याआधी सुचायला हवं. आपल्या दैवताची मूर्ती नऊ महिन्यांत तोंडावर पडलेली कुणाला बघवेल?

सामान्य माणसानं विचारायचं कुठं?

माहितीच्या अधिकारात. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, साधा मराठी अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे भाषण लिहू नका. ‘का’ विचारू नका, ‘का’चं उत्तर येत नाही. कागद मागा: माती-तपासणीचा अहवाल, आराखड्याला मान्यता देणाऱ्याचं पत्र, कला संचालनालयाच्या मान्यतेत लिहिलेली उंची, आणि देखभालीचं लेखी हमीपत्र. चारही वेगवेगळ्या अर्जांत. ४० रुपये जातात, पण एका अर्जाला फेटाळलं तरी तीन उरतात.

तुम्ही स्वतः असा अर्ज कधी केलाय का?

पुतळ्याचा अजून नाही, कारण टेंडर निघालेलं नाही. सराव म्हणून वॉर्डातल्या कारंज्याचा केला. तीन उद्घाटनांचा खर्च आणि देखभालीचा खर्च मागितला. उत्तर २८ व्या दिवशी आलं, मुदतीत. उद्घाटनांचा खर्च तीनही वेळचा, मंडप आणि शालीसकट. देखभालीपुढे लिहिलं होतं, ‘माहिती अभिलेखात आढळून येत नाही.’ मोटारीबद्दल दुसरा अर्ज टाकलाय, त्याचे अजून नऊ दिवस शिल्लक आहेत.